दोन नंबरच्या खोलीतला पासपोर्ट

"मॅडम, ताबडतोब वर या. पहिल्या वर्गाच्या लाउंजमध्ये चोरी झालीय."

फौजदार बाईंनी फोन ठेवला तेव्हा दुपारचे दोन वाजायला दहा मिनिटं होती. त्यांची पाळी एकलाच संपली होती. पुढच्या पाळीचा माणूस आला नव्हता, आणि तो येणारही नाही हे बाईंना सवयीनं ठाऊक होतं. पहाटे पाचपासून त्या उभ्या होत्या. डाव्या बुटाचं टाचेकडचं अस्तर फाटलं होतं आणि दर पावलाला आत काहीतरी टोचत होतं. आत्ताच कुठे टेबलाखाली बूट काढून त्यांनी पाय मोकळे केले होते. ते पुन्हा कोंबून त्या निघाल्या.

लाउंजचं दार आपोआप उघडलं आणि मागचा सगळा गोंगाट बंद झाला. पाय बुडेल असा गालिचा. मऊ खुर्च्या. कुठेतरी कॉफीचं यंत्र हळूच खाकरत होतं. इथे विमानांच्या घोषणासुद्धा ऐकू येत नसत. वेळ झाली की सेविका तुमच्या खुर्चीपाशी येऊन, वाकून, घरातलं कोणी बोलावं तसं सांगायची, "आपलं विमान तयार आहे." विमानतळावर इतकी वर्षं काढून बाई या खोलीत फार तर चार वेळा आल्या होत्या, आणि चारही वेळा कोणाचं तरी काहीतरी हरवलेलं होतं.

व्यवस्थापक दारातच उभा होता. तरुण पोरगा, टाय घट्ट, तोंडचं पाणी पळालेलं.

"काय गेलं?"

"पासपोर्ट. दोन नंबरच्या विश्रांतीच्या खोलीतून. ज्यांचा गेला त्यांचं विमान दोन पन्नासला आहे, विमानाचं दार अडीचला बंद होतं. पण मॅडम, फारसं अवघड नाही. माणूस सापडलाय."

"कोण?"

"आमचा बूट-पॉलिशवाला. बूटकाका म्हणतात त्याला सगळे. तो त्या खोलीत गेला होता. आत जायची परवानगी नाही त्याला. मी त्याचा पास काढून घेतलाय."

"आणि पासपोर्ट?"

"तो मात्र मिळत नाहीये."

"म्हणजे माणूस सापडलाय आणि चोरी सापडलेली नाही," बाई म्हणाल्या. "दारातून कोणी बाहेर गेलं?"

"कोणीच नाही. दारावर कॅमेरा आहे, मी दोनदा पाहिलं. आत कॅमेरे नाहीत. पाहुण्यांना आवडत नाही."

म्हणजे पासपोर्ट इथेच कुठेतरी होता. बाईंनी घड्याळ पाहिलं. हाताशी पस्तीस-छत्तीस मिनिटं होती, आणि कमरेत कळ येत होती.

लाउंजमध्ये त्या वेळी तीनच प्रवासी होते. त्यांतले दोघे भाऊ. थोरले साठीचे, पांढऱ्या मिश्यांचे, अनवाणीच दोन नंबरच्या खोलीत येरझाऱ्या घालत होते. पासपोर्ट त्यांचाच गेला होता. धाकटे पंचेचाळिशीचे. ते दाराजवळच्या खुर्चीत डाव्या पायावर उजवा टाकून बसले होते आणि बसल्या बसल्या ओरडत होते. त्यांचे काळे बूट चकचकीत होते. वरच्या बुटावर नाडीच्या फुल्या घट्ट ओढलेल्या होत्या. बाईंचं लक्ष आज सकाळपासून सगळ्यांच्या पायांकडेच जात होतं. आपल्याला टोचतं तसं यांना टोचत असेल का, एवढाच विचार त्यामागे होता.

"पोलीस आले का शेवटी?" धाकटे म्हणाले. "त्या म्हाताऱ्याला दम द्या, दोन मिनिटांत कबूल होईल. मी स्वतः त्याला या खोलीतून बाहेर पडताना पाहिलंय!"

"तुम्ही थांबा जरा." बाई थोरल्यांकडे वळल्या. "पासपोर्ट कुठे होता?"

"कोटाच्या आतल्या खिशात. कोट या खुंटीला. मी एकच्या सुमाराला आडवा झालो, पावणेदोनला जाग आली. कोट चाचपायची सवय आहे मला. खिसा रिकामा."

"आणखी काही गेलं?"

"नाही. पाकीट त्याच खिशात होतं. ते आहे."

बाई थांबल्या. चोरानं पाकीट ठेवलं आणि पासपोर्ट नेला.

"जाणं किती गरजेचं आहे?"

"उद्या सकाळी दहाला तिकडे सही आहे. वडिलांनी उभा केलेला कारखाना विकतोय. उद्याची मुदत टळली की घेणारा मोकळा. दुसरा कोणी मिळायचा नाही."

"हे उद्याचं प्रकरण कोणाकोणाला माहीत आहे?"

"मला, वकिलाला आणि याला," त्यांनी भावाकडे बोट दाखवलं. "इथे कोणाला कशाला माहीत असेल?"

"म्हणून तर सांगतोय," धाकटे मध्येच म्हणाले, "भुरटी चोरी आहे ही. पासपोर्ट बाहेर विकतात हे लोक."

"तुम्ही कुठे होतात?"

"जेवणाच्या दालनात. सूप घेत होतो. बूट पॉलिशला दिले होते. त्यानं सव्वाला आणून दिले, मी पायात घातले, ते आत्तापर्यंत पायातच आहेत. दादा ओरडला तेव्हा धावत आलो."

"मध्ये उठलात?"

"हात धुवायला गेलो असेन. त्याचं काय?"

"काही नाही. विचारायची पद्धत आहे."

झडती आधी खोलीची झाली. गादी, उशा, पडद्यामागचा कप्पा, कचऱ्याची टोपली. मग धुलाईचे टॉवेल, बाथरूम, कुंड्यांमधली मातीसुद्धा. दोन सेविका आणि व्यवस्थापक घाम पुसत फिरत होते. दोघा भावांनी आपापल्या बॅगा आणि खिसे टेबलावर रिकामे केले. धाकट्यांनी तर आधीच सगळं ओतून ठेवलं, "बघा, घ्या बघून," म्हणून. पेनं, गोळ्या, चष्मे, किल्ल्या निघाल्या. पासपोर्ट निघाला तो धाकट्यांचा, त्यांचा स्वतःचा.

तिसरा प्रवासी गुबगुबीत आणि समाधानी होता. सेविकांनी त्याचं नाव खवय्या ठेवलं होतं. बाई गेल्या तेव्हा त्याच्यासमोर केकचा तिसरा तुकडा होता.

"तुम्ही इथून हललात?"

"दोनदा. एकदा चीजसाठी, एकदा केकसाठी."

"हे धाकटे साहेब?"

"ते पलीकडच्या टेबलावर होते. आधी मोठे साहेबही होते. हळू आवाजात भांडत होते दोघं. मी काही कान देऊन ऐकत नव्हतो हं."

"पण ऐकू आलं."

"आलं थोडं. मोठे म्हणाले, आता हा विषय संपला. आणि झोपायला गेले."

"मग?"

"मग या धाकट्यांचे बूट आले. ते बाथरूमकडे गेले. बराच वेळ गेला. सूप गार झालं त्यांचं, साय धरली. मला हळहळ वाटली हो. चांगलं सूप होतं."

"किती वेळ?"

"दहा मिनिटं असतील. आता माणसाला लागतो कधी कधी वेळ." खवय्यानं केकचा तुकडा मोडला. "मॅडम, तुम्ही बसा ना जरा. उभ्यानं थकलेल्या दिसता."

बाईंना या वाक्यानं एकदम रडूच येईल असं वाटलं. ते गिळून त्या निघाल्या.

बाथरूमकडे जायच्या बोळातच विश्रांतीच्या खोल्या होत्या, आणि बोळाच्या तोंडाशी बूटकाकांची जागा. एक उंच खुर्ची, खाली पाय ठेवायला पितळी पट्ट्या, शेजारी लाकडी पेटी. पेटी उलटी करून तपासून झाली होती. ब्रश, डब्या, फडकी, नाड्यांची भेंडोळी, बुटांत घालायचे सुटे आतले सोल, सगळं जमिनीवर पसरलं होतं. बूटकाका भिंतीला टेकून उभे होते. पंचावन्न-साठीचे, बारीक. गळ्यात पासाची दोरी होती, पास नव्हता.

बाई उंच खुर्चीत बसल्या. चौकशीला तीच एक खुर्ची जवळ होती.

"काका, खोलीत गेला होतात?"

"गेलो होतो. दोनदा."

"नियम माहीत आहे?"

"बावीस वर्षं झाली, माहीत नसायला काय. पाहुणे दाराबाहेर बूट ठेवतात, मी तिथूनच उचलतो आणि तिथेच ठेवतो."

"मग आत का गेलात?"

"धाकट्या साहेबांनी सांगितलं. म्हणाले, दादा झोपलाय, त्याचे बूट आत राहिलेत, हळूच जाऊन घ्या, उठवू नका. गेलो. पॉलिश करून परत ठेवले, पलंगाच्या कडेला. तेव्हा ते बोळात उभे होते. आता म्हणतात, मी सांगितलंच नाही."

"कोटाला हात लावलात?"

"कोट कुठे होता तेसुद्धा सांगता येणार नाही, बाई. मी खाली बघून काम करतो."

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. माणूस घाबरलेला होता, पण बोलण्यात गोंधळ नव्हता.

"पास गेला तर?"

"चोरीच्या आळात गेलेला पास परत मिळत नाही. इथे नाही, दुसऱ्या कुठल्या विमानतळावरही नाही. घरी चार माणसं आहेत, कमावणारा मी." त्यांनी रिकाम्या दोरीचं टोक मुठीत धरलं. मग त्यांची नजर सवयीनं खाली गेली. "डावा बूट आतून फाटलाय तुमचा. चालताना पाय उचलून टाकताय. काढा, अस्तर चिकटवून देतो."

"काका, इथे तुमची नोकरी जायची वेळ आलीय."

"हो, पण बूट फाटलाय ना."

बाईंना हसू आलं. पहाटेपासूनचं पहिलंच. शेजारी थोरल्यांचे बूट ठेवलेले होते. झडतीत कोणीतरी ते खोलीतून इथे आणून टाकले होते. बाईंनी एक उचलला. नाडी वेगळीच दिसत होती. एकाखाली एक आडव्या पट्ट्या, शिडीच्या पायऱ्यांसारख्या.

"हे असं का ओवलंय?"

"माझी पद्धत. पॉलिशच्या आधी नाडी पूर्ण काढतो, नाहीतर खालचं चामडं कोरडं राहतं. परत ओवताना फुली घालत नाही. फुली घासते आणि रंग उडतो. शिवाय विमानात पाय सुजतात. आडवी नाडी पटकन सैल होते. इथला कोणताही बूट बघा, माझ्या हातून गेलेला असेल तर आडवाच असणार."

"धाकट्या साहेबांचेही असेच ओवलेत?"

"दोन्ही. जोडातला एक असा, एक तसा करून कसं चालेल?"

बाई बुटाकडे पाहत राहिल्या. मग त्यांनी घड्याळ पाहिलं. दोन वाजून अठरा मिनिटं. एकदम उठवेना, म्हणून त्या आणखी एक मिनिट बसल्या, आणि त्या मिनिटात उरलेलं सगळं जागेवर बसलं.

सगळ्यांना दोन नंबरच्या खोलीत बोलावलं गेलं. बाईंनी थोरल्यांचे बूट सोबत आणून पलंगाशी ठेवले. थोरले पलंगावर बसले. धाकटे आपल्या खुर्चीत. व्यवस्थापक दारात, त्याच्यामागे बूटकाका.

"मला फार बोलवत नाही," बाई म्हणाल्या, "म्हणून थोडक्यात सांगते. चोरानं पाकीट सोडून पासपोर्ट घेतला. पैशासाठी चोरी करणारा माणूस असं करत नाही. या चोराला एवढंच हवं होतं की थोरल्या साहेबांनी आजचं विमान चुकवावं. ते चुकलं तर उद्याची सही चुकते. आता ही सही काकांना माहीत नव्हती, खाणाऱ्या साहेबांना माहीत नव्हती. या इमारतीत ती दोघांनाच माहीत होती. एक ज्यांचा पासपोर्ट गेला ते."

"काय बोलताय काय तुम्ही?" धाकटे ओरडले.

"बघा, आत्ताही तुम्ही बसूनच ओरडलात. मी आल्यापासून तुम्ही खुर्ची सोडलेली नाही, खिसे रिकामे करतानासुद्धा नाही. तुमचे भाऊ साठीचे, ते येरझाऱ्या घालून दमले. तुम्ही का उठत नाही?"

"बाई, माझा पाय..."

"तुमचा पाय दुखतोय. माझाही दुखतोय, म्हणून मला कळलं. बुटात नको ते असलं की माणूस चालणं टाळतो. आता कृपा करून दोन्ही पाय शेजारी ठेवा."

धाकट्यांनी पाय हलवला नाही. थोरल्यांनी वाकून पाहिलं.

"ठेव," ते म्हणाले.

दोन्ही बूट गालिच्यावर शेजारी आले. डाव्यावर आडव्या पट्ट्या होत्या. उजव्यावर फुल्या.

"काका सगळे बूट एकाच पद्धतीनं ओवतात, दोन्ही पाय सारखे," बाई म्हणाल्या. "तुम्ही मला सांगितलंत की त्यांनी आणून दिल्यापासून बूट काढलेच नाहीत. मग उजव्याची नाडी कोणी काढून पुन्हा ओवली? तुम्ही. काकांना थोरल्या साहेबांचे बूट आणायला पाठवलंत, म्हणजे खोलीत कोणी गेल्याचं दिसेल. आपले बूट हातात आल्यावर तुम्ही बाथरूमकडे जायचं म्हणून उठलात. वाटेत ही खोली लागते. दादा झोपलेले. दोन पावलांचं काम. मग बाथरूमचं दार लावून उजव्या बुटाची नाडी पुरती काढलीत, आतला सोल उचललात, पासपोर्ट खाली सरकवलात आणि घाईत नाडी लहानपणापासून ओवताय तशी ओवलीत. तिकडे तुमचं सूप गार झालं. सुरक्षा तपासणी आधीच झालेली. पहिल्या वर्गाच्या पाहुण्यांना बूट काढा म्हणून इथे कोण सांगणार, हेही तुम्ही बरोबर ओळखलंत."

कॉफीचं यंत्र लांबून पुन्हा खाकरलं.

धाकट्यांनी वाकून नाडी सोडली. सोल निघाला. खालून पासपोर्ट आला, गरम, ओलसर, पावलाच्या आकारात वाकलेला. त्यांनी तो भावाकडे दिला नाही. पलंगावर ठेवला.

"फाडणार नव्हतो, दादा. विमान गेल्यावर सापडला म्हणून देणार होतो."

"मला सांगायचं होतंस."

"तीन वर्षं सांगतोय. घेणारा कारखाना चालवणार नाहीये, जागा विकणार आहे. दोनशे माणसं आहेत, दादा. बाबांनी एकेकाला हाताला धरून आणलेली. त्यांच्या पोरांची तोंडं येतात डोळ्यासमोर. झोप लागत नाही मला." त्यांचा आवाज फाटला. "तू म्हणालास, विषय संपला."

हे खरं होतं. बाईंना ते खोटं वाटलं नाही, आणि म्हणूनच त्यांना जास्त राग आला. तो त्यांनी लपवला नाही.

"दोनशे माणसांसाठी तुमची झोप उडालीय," त्या म्हणाल्या. "आणि या एका माणसाचं काम तासाभरात घालवायला निघालात. हा मोजायचा राहिला का?"

"मला वाटलं, चौकशी करतील आणि सोडून देतील."

"सोडतात, साहेब," बूटकाका दारातून म्हणाले. पहिल्यांदाच ते या खोलीत आपणहून बोलले. "पास काढून घेतात आणि गेटाबाहेर सोडतात."

धाकट्यांनी मान खाली घातली. एक पाय बुटात होता, एक मोज्यात.

व्यवस्थापक घसा साफ करून म्हणाला, "पण मॅडम, तरी तो खोलीत गेला हे आहेच. नियम मोडला. मला वर कळवावं लागेल."

बाईंनी खिशातून वही काढली, पान फाडलं आणि पेनासकट धाकट्यांपुढे धरलं.

"लिहा. बूटवाल्यांना खोलीत मीच पाठवलं. त्यांनी नको म्हणायचं कारण नव्हतं. वेळ, तारीख, सही. सही चुकवण्यासाठी तुम्ही एवढा खटाटोप केलात, पण ही एक करायलाच लागेल."

त्यांनी लिहिलं. अक्षर वाचता येत होतं.

सेविका दारात आली. आत काय चाललंय ते तिला कळलं नाही, किंवा कळूनही तिनं दाखवलं नाही. थोरल्यांपुढे वाकून ती हळूच म्हणाली, "आपलं विमान तयार आहे."

थोरल्यांनी पासपोर्ट उचलला, मांडीवर दाबून सरळ केला, कोट घातला, आडव्या नाड्यांचे बूट चढवले. दारात ते थांबले. भावाकडे नाही, बूटकाकांकडे पाहिलं. त्यांनी नुसते हात जोडले आणि गेले.

"तक्रार करणार का?" बाईंनी मागून विचारलं होतं. त्यांनी चालता चालता मान हलवून नाही म्हटलं होतं. सही करणार की नाही, हे कोणी विचारलं नाही. करतीलच, असं बाईंना वाटलं. धाकट्यांनाही तेच वाटत असावं. ते खुर्चीत तसेच बसून राहिले होते.

"तुम्ही खाली चौकीत या," बाई त्यांना म्हणाल्या. "जबाब लागेल. पाच मिनिटांनी आलात तरी चालेल. आधी बूट घाला."

बोळाच्या तोंडाशी व्यवस्थापकानं टेबलाच्या कप्प्यातून पास काढला. बूटकाकांच्या हातात देताना तो त्यांच्या डोळ्यांत पाहत नव्हता. काकांनी पास दोरीला अडकवला, दोनदा ओढून पाहिला, मग खाली बसून जमिनीवरच्या डब्या गोळा करू लागले. बाईंनी दोन डब्या उचलून दिल्या.

"आता बसा," काका म्हणाले.

"मला चौकीत जायचंय."

"ते साहेब पाच मिनिटं येत नाहीत. बसा."

बाई उंच खुर्चीत बसल्या. बूट निघाला तेव्हा टाचेवर रक्ताचा ठिपका दिसला. काकांनी तो पाहिला. फाटलेलं अस्तर कापून त्यांनी नवा तुकडा चिकटवला, अंगठ्यानं दाबून धरला. मग नाडी पूर्ण काढून ते सावकाश पॉलिश करू लागले.

पलीकडे विमान मागे सरकत असल्याचा आवाज काचेतून बारीक येत होता. बाईंनी डोळे मिटले होते. नाडी ओवायला घेताना काकांनी विचारलं, "आडवीच घालू ना?"

"आडवीच घाला," बाई म्हणाल्या, आणि दुसरा बूटही काढून त्यांच्याकडे दिला.